शेजारच्या बाईंसाठी

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात आरोग्याची पत्रकं ठेवायचा एक लाकडी खण आहे. पूर्वी तो काउंटरच्या शेजारी होता. मधुमेहाची, रक्तदाबाची, डेंग्यूची पत्रकं भराभर संपायची. बायकांच्या दुखण्यांची मात्र कडा पिवळ्या पडेपर्यंत तशीच राहायची. एका वर्षी माझ्या डोक्यात आलं आणि तो खण मी लेडीज टॉयलेटकडे जाणाऱ्या बोळात हलवला. बघता बघता रिकामा झाला. ही युक्ती मी नंतर दोन-तीन चर्चासत्रांत छाती फुगवून सांगितली. लोकांना माहिती नको असते असं नाही, माहिती घेताना कोणी बघायला नको असतं, असं मी म्हणायचे आणि समोरचे माना डोलवायचे.

त्याच खणातलं एक पत्रक गेल्या वर्षी मी स्वतः उचललं. आधी बोळात कोणी नाही ना ते बघितलं. मग घडी घालून डब्याच्या पिशवीत, डब्याच्या खाली ठेवलं. पत्रक मीच तयार केलेलं, त्यातले अवघड शब्द मीच काढून टाकलेले. तरी चोरून घेतलं.

मी ग्रंथालयशास्त्र शिकवते. नेरूळला, संध्याकाळच्या वर्गाला, दिवसभर नोकऱ्या करून आलेल्या माणसांना. वर्गीकरण, सूची हे सगळं झालं की माझा आवडता भाग येतो, माहिती साक्षरता, आणि त्यातही आरोग्याची. हे कोणी लिहिलंय? कधी लिहिलंय? कशाच्या आधारावर? आणि लिहिणाऱ्याला तुम्हाला काही विकायचंय का? हे प्रश्न मी फळ्यावर लिहिते आणि परीक्षेपर्यंत कोणाला पुसू देत नाही. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणी दुधीच्या रसाने हृदयातले अडथळे विरघळवायला लागलं की मी तिथल्या तिथे विचारते, ‘याला आधार काय?’ त्यामुळे ग्रुपवर लोक माझ्या नावाने खडे फोडतात, आणि रस पिणारे मला न कळवता पितात. नवरा म्हणतो, तू मास्तरीण कमी आणि फौजदार जास्त. खोटं नाही. चुकीची माहिती दिसली की मला राग आवरत नाही.

आमचा गणपती ऐरोलीला, मोठ्या दिरांकडे असतो. जाऊबाईंचं सोवळं कडक. पाळी असली की बाईने स्वयंपाकघरात यायचं नाही, आरतीला उभं राहायचं नाही, दुर्वांच्या जुड्यासुद्धा करायच्या नाहीत. मला हे पटत नाही, हे मी नवऱ्याला लग्न झाल्यापासून सांगते आहे. जाऊबाईंना एकदाही सांगितलेलं नाही. त्यापेक्षा गोळ्या घेऊन पाळी पुढे ढकलणं मला सोपं वाटलं, आणि कितीतरी वर्षं मी तेच केलं. पाळी गेली तेव्हा सुटले एकदाची, असं झालं. तेव्हापासून नैवेद्याचे मोदक माझ्याकडे आले. माझ्या मोदकाच्या कळ्या बारीक पडतात. जाऊबाई आल्यागेल्याला ताट दाखवतात आणि मला ते आवडतं.

गेल्या वर्षी त्या ओट्यापाशी उकड मळत असताना मला काहीतरी जाणवलं. बाथरूममध्ये जाऊन पाहिलं तर रक्त. थोडंच, पण रक्तच. पाळी जाऊन तीन वर्षं झालेली. असं एकदा जरी झालं तरी डॉक्टरांना दाखवायचं, वाट बघायची नाही, हे मी वर्गात दरवर्षी सांगते. पण त्या वेळी माझ्या डोक्यात डॉक्टर आलेच नाहीत. आता मोदकांना हात लावायचा की नाही, एवढंच आलं. बाहेर जाऊन काय सांगणार? मोदक अर्धे झालेले, घर माणसांनी भरलेलं. आणि जाऊबाई तर त्या सकाळी दुसऱ्यांदा अंघोळ करून आल्या होत्या. कोण जाणे कशाचा विटाळ झाला होता त्यांना. मी मनात हसलेही होते, काय हे सोवळं म्हणून. आता हसू कुठल्या कुठे गेलं. मी हात धुतले, बाहेर आले आणि उरलेले मोदक केले. देवाची मला भीती वाटली नाही. जाऊबाईंच्या नजरेची वाटली.

नंतर ते अधूनमधून होत राहिलं. कधी महिनाभर काही नाही, की मला वाटायचं, संपलं. मग पुन्हा. मी ते अंगावर काढलं. दुसरा शब्द नाही. ज्या बाईने वर्गात ‘अंगावर काढू नका’ हे शब्द म्हणून म्हणून गुळगुळीत केले, तिने अंगावर काढलं. नवऱ्याला सांगितलं नाही, कारण तीस वर्षांच्या संसारात आम्ही गॅसच्या बुकिंगपासून त्याच्या पेन्शनपर्यंत सगळं बोललो, हे कधी बोललो नाही. डॉक्टरांकडे गेले नाही, कारण त्या टेबलावर पाय वर करून झोपायचं या विचारानेच मला घाम फुटायचा. आणि त्याहून खरं कारण म्हणजे मला भीती वाटत होती. काय असू शकतं ते मला ठाऊक होतं. पत्रकात मीच लिहिलं होतं.

मग मी शोधायला लागले. स्टाफरूम रिकामी असताना, कॉलेजच्या कॉम्प्युटरवर. खात्रीच्या जागा मला तोंडपाठ आहेत. त्या उघडल्या आणि सगळ्यांनी एकच सांगितलं, दाखवा. ते मला नको होतं. म्हणून मी खाली खाली जात राहिले, आणि शेवटी एक पान सापडलं, त्यात लिहिलं होतं की उष्णतेने असं होतं, काळजीचं कारण नाही. कोणी लिहिलंय, पत्ता नाही. कधी लिहिलंय, माहीत नाही. खाली चूर्णाच्या डबीचा फोटो. ते पान मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. हवं ते उत्तर मिळेपर्यंत शोधत राहणं याला आम्ही शोध म्हणत नाही, असं मी मुलांना सांगते. त्या दिवशी घरी जाताना मी जुईनगरच्या मेडिकलमधून ते चूर्ण घेतलं आणि घरी मेथीदाण्याच्या बरणीमागे ठेवलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

संदर्भसेवेचं प्रात्यक्षिक फेब्रुवारीत असतं. ते माझ्या फार जिव्हाळ्याचं. एका टेबलाशी विद्यार्थी ग्रंथपाल होऊन बसतो, समोरच्या खुर्चीत मी वाचक होऊन बसते, आणि सगळा वर्ग बघतो. वाचक पहिल्यांदा जे विचारतो ते त्याला विचारायचं नसतं. तो आडून विचारतो, भावासाठी विचारतो, मित्रासाठी विचारतो. ग्रंथपालाने ओशाळू न देता एकेक प्रश्न विचारत खऱ्या प्रश्नापर्यंत पोचायचं. आजाराचं नाव आपण सांगायचं नाही, औषध तर नाहीच. खात्रीची माहिती हातात द्यायची आणि योग्य माणसाकडे पाठवायचं. आणि शेवटी विचारायचं, ‘तुम्हाला हवं होतं ते मिळालं का?’ वाचकाने याचं उत्तर दिल्याशिवाय मुलाखत संपत नाही. हे शेवटचं कलम माझं स्वतःचं, आणि त्याबद्दल मी भारी कडक आहे.

दरवर्षी मी नवनवी सोंगं काढते. कधी दम्याचा आजोबा, कधी मुलाला लस द्यायला घाबरणारी आई. त्या दिवशी खुर्चीत बसले तेव्हा सोंग ठरलेलं नव्हतं.

समोर आली ती वर्गातली एक बाई. पस्तिशीची, मूळची साताऱ्याकडची, सानपाड्याला राहणारी. नवरा बाजारात माथाडी. दोन मुलं मोठी झाल्यावर शिकायला आली होती. हुशार म्हणावी अशी नाही. पुस्तकांचे वर्गांक चुकायची, मग मी चिडायचे. एरवी तिला ‘तुम्ही’ म्हणायचे, राग आला की ‘अगं’वर यायचे. तिचा गुण एकच, सांगितलेला नियम ती जशाच्या तसा पाळायची. आपलं डोकं लावायला सांगितलं की गडबडायची, म्हणून लावायचीच नाही.

“बसा,” ती म्हणाली. “काय मदत हवी?”

“माझ्या शेजारच्या बाईंसाठी विचारायचं होतं,” मी म्हणाले, आणि माझ्याच आवाजाने दचकले. “पाळी गेली आहे त्यांची. तरी मधूनमधून रक्त जातं. त्याबद्दल काही वाचायला आहे का?”

तिने मान हलवली आणि नियमाप्रमाणे सुरू केलं. बाईंचं वय काय? त्यांनी आधी काही वाचलंय का? कुठं वाचलं? “इंटरनेटवर,” मी म्हणाले. “उष्णतेने होतं असं लिहिलं होतं.” वर्गात हशा पिकला. त्यांना वाटलं, मी मुद्दाम बावळट वाचक झाले आहे.

“कधीपासून व्हतंय त्यांना?”

“गणपतीपासून.”

सोंग घेताना मी नेहमी जरा घोळ घालते, आठवल्यासारखं करते. हे उत्तर तोंडातून सुटूनच गेलं. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग उठून बोळात गेली, खणातून पत्रक आणलं, माझ्यासमोर ठेवलं. “आजाराचं नाव आमी सांगत न्हाई. पर ह्यात लिवलंय, एकदा झालं तरी दाखवावं. त्या बाईंना म्हणावं, थांबू नका.” आणि मग, “तुमाला हवं होतं ते मिळालं का?”

मला ‘हो’ म्हणता येईना. डोळे भरले, हात पत्रकावर तसाच राहिला. मग कोणीतरी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनीच वाजवल्या. “मॅडम, काय ॲक्टिंग!” मागून एकजण म्हणाला. मी डोळे पुसले, हसले आणि म्हणाले, “पुढचे कोण?” शरमेने मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या टाळ्यांत कळलं.

टाळ्या न वाजवणारी एकटी तीच होती. दोन-चार दिवसांनी तिने मला जिन्यात गाठलं.

“मॅडम, तुमी उत्तर दिलं न्हाई.”

“कशाचं?”

“मिळालं का म्हणून मी इचारलं व्हतं.”

“प्रात्यक्षिक झालं तुमचं. मार्कही दिले.”

“वाचकानं उत्तर दिल्याबिगर संपत न्हाई. तुमीच सांगितलंय.”

मी भडकले. कोणाशी बोलतेस, कळतं का, असंही म्हणाले. तिने ऐकून घेतलं आणि गेली. पुढच्या आठवड्यात पुन्हा आली. “त्या शेजारच्या बाई गेल्या का डॉक्टरकडं?” मी म्हणाले, “गेल्या.” “काय सांगितलं डॉक्टरनं?” चोरी पकडली गेलेल्या पोरासारखी मी पर्सचा बंद उगाच ओढत उभी राहिले. तिने आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणाली, “आमच्याकडं एक लेडी डॉक्टर हाय, स्टेशनच्या मागं. त्या बाईंना सोबत नसंल तर मी येते. मला सुट्टी असती गुरुवारी.”

शेवटपर्यंत ती ‘त्या बाईं’बद्दलच बोलत राहिली. तो पडदा तिने माझ्यासाठी धरून ठेवला होता, आणि मी त्याच्याआडून गेले. त्याच गुरुवारी.

डॉक्टर माझ्याहून लहान होत्या. घाईत होत्या, पण उद्धट नव्हत्या. “किती दिवसांपासून आहे?” त्यांनी विचारलं.

डॉक्टरांना खरं सांगावं, कमी करून सांगू नये, यावर माझं एक सबंध व्याख्यान आहे. “झाला असेल महिना-दीड महिना,” मी म्हणाले.

ती माझ्या मागे, दारापाशी उभी होती. मला वाटलं, ऐकलं नसेल.

“गणपतीपासून,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. तिथल्या फरशीचे पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांचे तुकडे अजून माझ्या डोळ्यांसमोर आहेत. डॉक्टर रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, “ठीक आहे, आता आलात ना. आत या.”

पुढचं फार लांबवत नाही. सोनोग्राफी, मग आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला. नवऱ्याला मी सोनोग्राफीनंतर सांगितलं. तो म्हणाला, “मी काय परका होतो का?” त्याने ओरडायला हवं होतं. रिपोर्ट आला तो मला वाटत होता तोच, कॅन्सरचा, फक्त अगदी सुरुवातीचा. गर्भाशय काढावं लागलं. पुढे औषधं लागली नाहीत, नुसत्या तपासण्या. “वेळेत आलात,” डॉक्टर म्हणाल्या, आणि नवऱ्याने माझा हात दाबला. मी कुठे आले होते वेळेत? मला आणलं होतं.

बरणीमागचं चूर्ण मी मोरीत ओतलं आणि वर दोन तांबे पाणी टाकलं.

एवढं होऊन मी शहाणी झाले असते तर हे लिहायची वेळ आली नसती. रजा टाकताना प्राचार्यांना मी काय सांगितलं, तर पित्ताशयाचं ऑपरेशन. सोसायटीत तेच. ऐरोलीला तेच. पित्ताशयाची कोणाला लाज वाटत नाही. लोक खडे बाटलीत घालून दाखवतात. नवऱ्यालाही तेच सांगायला लावलं, आणि तो बिचारा फोनवर कोणालातरी खड्यांचा आकारसुद्धा सांगून बसला. जूनमध्ये वर्गावर गेले तेव्हा मुलांनी गुलाबाची फुलं दिली आणि विचारलं, मॅडम, तळलेलं बंद का आता? मी म्हणाले, हो, अगदी बंद. निकाल घ्यायला आलेली ती मागे भिंतीशी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. वाचकाने काय विचारलं ते कोणाला सांगायचं नाही, हाही नियम मीच शिकवलेला. तिने तो पाळला, आणि मला तिच्याकडे बघायचं धैर्य झालं नाही.

यंदाच्या गणपतीला ऐरोलीला गेले. ऑपरेशन झालेलं माणूस म्हणून जाऊबाईंनी मला ओट्यापाशी स्टूल दिलं. त्या पाऱ्या करून देत होत्या, मी सारण भरून कळ्या काढत होते. मध्येच त्यांना खोकल्याची उबळ आली. हातातली पारी तशीच टाकून त्या लगबगीने आत गेल्या. बऱ्याच वेळाने आल्या त्या पुन्हा अंघोळ करून, दुसरी साडी नेसून. बाहेर आरतीची तयारी चालली होती, टाळ कुठे ठेवलेत म्हणून दीर ओरडत होते. स्वयंपाकघरात आम्ही दोघीच होतो.

“अगं, तू ते आजारांचं शिकवतेस ना?” जाऊबाई म्हणाल्या. “आमच्या भजनी मंडळातल्या एकीला विचारायचं होतं.”

“काय होतंय त्यांना?”

“खोकलं, शिंकलं की लघवी थांबत नाही म्हणे. कपडे ओले होतात. पूजेला बसायची चोरी झालीय बिचारीला. किती वेळा अंघोळ करणार?”

“कधीपासून?”

“झाली की चार-पाच वर्षं.” उत्तर लगेच आलं.

तरी माझं तोंड सुरू झालं, वर्गातल्यासारखं. हे पुष्कळ बायकांना होतं, यात लाजण्यासारखं काही नाही, व्यायाम असतात, उपचार असतात, त्यांना दाखवायला सांगा, मी एक पत्रक पाठवते. सगळं बरोबर होतं. सगळं आधार असलेलं होतं. जाऊबाई मान हलवत ऐकत होत्या, आणि शेवटी सवयीने माझ्या तोंडून गेलं, “हवं होतं ते मिळालं का?”

त्यांच्या हातातली पारी फाटली. ती गोळा करून त्या पुन्हा मळायला लागल्या, वर न बघता. केसांतून पाणी गळत होतं, पदर खांद्यावर ओला झाला होता. या बाईच्या नजरेला मी लग्न झाल्यापासून भीत आले, आणि ती माझ्यासमोर मान खाली घालून उभी होती. गेल्या वर्षी दुसऱ्यांदा अंघोळ करून आल्या तेव्हा मी हसले होते, ते मला आठवलं. इतकी लाज मला त्या डॉक्टरांच्या खोलीतही वाटली नव्हती.

हातातला मोदक मी ताटात ठेवला.

“ताई, माझ्या पित्ताशयाला काही झालं नव्हतं,” मी म्हणाले. “गर्भाशय काढलंय माझं. गेल्या वर्षी इथेच, या ओट्यापाशी, मला रक्त गेलं. तुम्हाला सांगितलं नाही. तसेच मोदक केले, नैवेद्याचे.”

जाऊबाईंनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं, ताटातल्या मोदकांकडे बघितलं, मग परत माझ्याकडे. बाहेर कोणीतरी घंटा वाजवून बघत होतं. आता काय बोलतात, म्हणून मी स्टूल घट्ट धरलं.

“आधी ते दार लोट,” त्या म्हणाल्या.